डोहाची माती

कोणाच्याही घरी पाणी दिलं की तो पहिला घोट गिळत नसे. तोंडात धरायचा, एका गालातून दुसऱ्या गालात न्यायचा, डोळे बारीक करायचा आणि मग विचारायचा, "मळ्यातल्या जुन्या विहिरीचं हाय ना?" बहुतेक वेळा ते तिथलंच असायचं. आमच्या गावच्या आणि आसपासच्या वाड्यांच्या विहिरी त्याला चवीनं ओळखता येत.

माझा यावर विश्वास नव्हता. एकदा मी मुद्दाम आमच्या विहिरीचं आणि शाळेजवळच्या हापशीचं पाणी अर्धं अर्धं मिसळलं आणि तांब्या पुढे केला. त्यानं घोट तोंडात धरला, बराच वेळ धरला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "वयनी, लगन लावलं तुमी. पोरगी तुमच्या घरची हाय. पोरगा कुठचा हाय?"

मी म्हटलं, "हापशीचा."

"तरीच. नवरदेवाले लोखंडाचा वास येऊन राह्यला."

तो विहिरी खोदायचा. गाव त्याला चाचा म्हणायचं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान माणसाला मी चाचा म्हणणार नव्हते, मी भाऊ म्हणायचे. आमची विहीर त्यानंच खोदली. माझे मालक तेव्हा होते. सुरुंग लावून सगळे लांब पळायचे आणि हा सगळ्यात शेवटी, रमतगमत यायचा, जसा काही बाजारातून येतो आहे. त्या दगडाच्या धुळीनं त्याची छाती धरली होती. बोलता बोलता खोकायचा आणि खोकून झालं की वाक्य जिथं सोडलं तिथूनच पुढे न्यायचा. "म्या कोरडी विहीर सोडली नाई" हे वाक्य तो लग्नात, मातीला, कुठंही म्हणायचा. खरं होतं म्हणून कोणी काही बोलत नसे.

असा माणूस तुम्हीही कुठे पाहिला असेल. त्याला अडचण सांगा, तो आपल्याच धंद्यातला उपाय सांगतो. याचा उपाय खड्डा. सांडपाणी साचलं, खड्डा. कडबा भिजतो, भोवती चर खणा. शेजाऱ्यांचं धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, भांडण लागलं तर हा म्हणायचा, "मधात खड्डा खना, दोघंबी त्यात पडतीन."

मग बोअरची गाडी गावात आली. एका दिवसात काम करून निघून जायची. लोकांना वाटलं चाचा चिडेल. तो चिडला नाही. जिथं बोअर चालायचा तिथं जाऊन उभा राहायचा आणि वर येणारा दगडाचा भुगा मुठीत घेऊन पाहायचा. भुगा जिभेलाही लावायचा. बोअरवाले हसायचे. पण एका वर्षात त्याचं काम संपलं, आणि तो नदीत दिसायला लागला.

आमची नदी साखरखेर्ड्याकडच्या माळावरून येते आणि गावाला वळसा घालून जाते. पावसाळा सोडला तर ती नदी म्हणावी अशी नाही. पण गावाच्या खालच्या अंगाला एक डोह होता. पूर्वी तो आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पाणी धरायचा. माझ्या म्हशी त्यात बसायच्या. म्हैस बसायला पाणी नसलं की उन्हाळ्यात दूध चोरते, चिडते, अंगाला हात लावू देत नाही. म्हणून डोहाशी माझा संबंध होता. देवधर्माचा नव्हता, दुधाचा होता.

कापसाची बीटी आली तेव्हा सांगणाऱ्यांनी सांगितलं की आता बोंडात अळी नाही, म्हणजे फवारे नाहीत. पहिली काही वर्षं बोंडं चांगली लागली. पण मावा आला, तुडतुडे आले, पानं लाल पडायला लागली, आणि पुढे अळीही परत आली. फवारे पूर्वीपेक्षा वाढले. फवारून झालं की माणसं नदीवर यायची, डोहात पंप धुवायची आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या तिथंच टाकायची. एका सकाळी डोहावर मासे पोट वर करून तरंगत होते. मी म्हशी परत फिरवल्या. त्या बाटल्या गावात आणखी काय काय करत होत्या ते इथं सांगत बसत नाही. वाचणाऱ्याला ते माहीत आहे.

त्याच दिवसापासून हा फवारणीच्या दिवसांत डोहावर येऊन बसायला लागला. पंप पाठीवर घेऊन कोणी आलं की उठायचा. "आन इकडे, म्या धुतो." पंप स्वतः घ्यायचा आणि नदीपासून लांब, पडीक रानात नेऊन धुवायचा. तिथं त्यानं काय केलं होतं? खड्डा.

एकदा एक तरणा माणूस त्याच्या अंगावर आला. "चाचा, नदी तुमच्या बापाची हाय काय?"

"बापाची असती तं कवाचीच इकून खाल्ली असती म्या. आन तो पंप."

माणूस हसला आणि त्यानं पंप दिला. त्याच्यापुढे भांडण टिकत नसे.

हा हे का करतो, याचा मला नाद लागला. तो प्रत्येकाला वेगळं सांगायचा. सरपंचाला म्हणाला, "पुढच्या खेपेले तुमच्या इरोधात उभा राहतो." सरपंच चार दिवस नीट जेवला नाही. आपल्या बायकोला म्हणाला, "घरी बसलो तं तू काम सांगतं." मशिदीत कोणी विचारलं तर म्हणाला, वजूला पाणी नको का? मी विचारलं तेव्हा त्यानं वर पाहिलं.

"वयनी, सारी जिंदगी खाली गेली. खालून आभाळ ताटाएवढं दिसते. आता म्हटलं, जरा उघड्यावर काम करून पाहावं."

हेही खरं असेल. बाकीची उत्तरंही खरी असतील. मी नंतर विचारणं सोडलं नाही, पण त्यानं मला दुसरं उत्तर दिलं नाही.

हळूहळू माणसं जमली. आमच्याकडे सोमवारी औत धरत नाहीत, बैलांना सुटी असते. बैल विकून ट्रॅक्टरवर आलेल्यांनीही सोमवार सोडला नव्हता. त्यामुळे काम सोमवारी. आधी बाटल्या निघाल्या, पोत्यांनी निघाल्या. मग वेडी बाभूळ तोडली. मग गाळ काढायचं ठरलं, आणि तिथं सगळ्यांचे डोळे चमकले. कापसाला भाव नाही, खत परवडत नाही, आणि डोहात काळा गाळ फुकट पडलेला. चार माणसांची चाळीस झाली. माझं वावर बरड आहे, मुरूम वर आलेला. सगळ्यात जास्त ट्रॉल्या माझ्या वावरात गेल्या. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला साधी समजायला नको.

गाळाच्या खाली पांढरी चिकण माती लागली. हात लावला तर साबणासारखी. रस्त्याच्या कामावर आलेलं एक मोठं खोदायचं यंत्र दोन दिवस मिळालं होतं. यंत्रवाल्यानं थांबून विचारलं, "चाचा, पुरे का?"

हा खाली उतरला. टाचेनं माती ठोकली, कान दिला. त्याला आयुष्यभर ठाऊक होतं की पांढरी चिकण लागली की तिच्या खाली पाणी असतं. ती फोडली की झरा हसत वर येतो. सगळ्या विहिरी त्यानं तशाच लावल्या होत्या.

"फोड," तो म्हणाला.

मी काठावर होते. पुरे म्हणाले नाही. पांढरी माती मलाही हवी होती, गोठ्यात खड्डे पडले होते. ती माती मी उचलून नेली, गोठ्यात घातली, चोपून बसवली. आणखी पाचसहा बायांनी अंगणात घातली, चुलीला लावली. गावभर पांढरं पांढरं झालं.

पावसाळ्यात डोह काठोकाठ भरला. कोणी तरी त्याच्या गळ्यात हार घातला. तो लाजला आणि हार काढून माझ्या म्हशीच्या शिंगात अडकवला. शेजारच्या म्हशीनं तो खाल्ला.

दसऱ्याला पाणी निम्मं होतं. दिवाळीला डोह कोरडा पडला. आखाजीपर्यंत टिकणारा डोह दिवाळीला कोरडा!

मी तावातावानं गेले. मनात वाक्यं तयार होती. तो डोहाच्या तळाला दगडावर बसलेला होता. मला पाहून उठला नाही.

"काय केलं हे भाऊ? माह्या म्हशी कुठं नेऊ आता?"

"विहिरीत पानी भाईरून आत येते, वयनी," तो म्हणाला. "इथं आत होतं. म्या त्याले भाईर जायाले दरवाजा करून देल्ला."

मी वळले आणि म्हशींसाठी विहिरीचं पाणी ओढायला गेले.

गावानं मात्र सोडलं नाही. "चाचानं नदीची विहीर केली," असं पारावर चाललं. "कोरडी सोडली नाई म्हने!" डोहातलं पाणी खालच्या अंगाच्या विहिरींत उतरलं असेल, असं कोणी समजुतीनं म्हणालं. तो म्हणाला, असेल, पण मले त्या विहिरींनी सांगितलं नाई. त्या दिवसांत मी त्याला पाणी दिलं की तो घटाघटा पिऊन तांब्या खाली ठेवायचा. कुठलं म्हणून विचारायचा नाही.

सोमवारची माणसं आली नाहीत. सगळे वेचणीत होते, आणि वेचायला फारसं नव्हतं. असल्या वर्षी नदी कोण पाहतो?

माघात मी त्याच्या घरी गेले. मी भांडायलाच गेले होते, पण भांडण दुसरं होतं. गोठ्यात त्याची पांढरी माती घातल्यापासून म्हशींचं मूत जिरत नव्हतं. सकाळचं संध्याकाळपर्यंत डबकं तसंच. माझं कंबरडं मोडलं होतं झाडून झाडून.

"तुमच्या मातीनं माहा गोठा नासला," मी म्हणाले. "जिरतच नाई काही. काय माती होय का काच होय?"

तो बाजेवर पडला होता. उठून बसला.

"काय म्हटलं?"

"जिरत नाई म्हटलं. दिवसभर उभं राहते."

"चाला."

तो माझ्या पुढे चालत गोठ्यात आला. म्हशी बाहेर होत्या. तो उकिडवा बसला आणि त्या घाण डबक्याकडे असं पाहायला लागला जसं कोणी नव्या नवरीकडे पाहावं. मी चहा ठेवला. चहा झाला, निवला, तो हलला नाही. मग त्यानं एक घागर पाणी मागितलं, कोरड्या कोपऱ्यात ओतलं, भोवती काडीनं रेघ मारली आणि पुन्हा बसला. दुपारी माझा स्वयंपाक झाला तरी पाणी रेघेवरच होतं.

"अंगनात घातली थे माती जिरवते," तो स्वतःशीच बोलत होता. "एका बाईच्या घरी पाहिलं म्या. तीच माती. मंग इथं काऊन नाई जिरवत?"

"इथं म्हशी तुडवतात ना दिवसभर," मी म्हणाले. "अन मुततात. माती मळल्या जाते. डोहातबी त्या जिथं बसाच्या तिथलंच पानी शेवटी आटे."

"हे तुमाले ठाऊक होतं?"

"म्हशी पाळनाऱ्या कोनालेही ठाऊक असते."

"मंग तवा काऊन नाई सांगितलं?"

"तुमी कुठं विचारलं? अन मले गाळ पाहिजे होता."

तो इतका हसला की खोकला लागला, आणि खोकला बराच वेळ थांबला नाही. थांबला तेव्हा म्हणाला, "माती वापस पाहिजे, वयनी."

"कोनती?"

"हेच. गोठ्यातली."

"गोठा खनून देऊ?"

"हाव."

मी त्याला घरी पाठवलं. दोन दिवस बोलले नाही. दिलेली माती परत मागणारा माणूस मी पाहिला नव्हता, आणि बसलेला गोठा कोणी उकरतं का? शिवाय तो सगळ्या बायांकडे माती मागताना माझं नाव सांगत फिरणार हे उघड होतं. पण म्हशी रोज कोरड्या डोहाकडे तोंड करून उभ्या राहायच्या. त्यांना कोणी समजावावं? तिसऱ्या दिवशी मी पहार घेतली आणि गोठा उकरायला लागले. माती दगड झाली होती. त्यालाच बोलवावं लागलं.

मग तो टोपलं घेऊन दारोदार हिंडला. लोक हसले. "चाचा, आता काय वावरातली पऱ्हाटीबी उपटून नेता काय?" तो म्हणायचा, "पऱ्हाटी ठेवा. पांढरी माती तेवढी द्या." कोणी दिली, कोणी दार लावलं. एका बाईनं चुलीचा ओटा फोडून दिला. तिचा नवरा ओरडत होता आणि ती त्याला म्हणत होती, "तुमी सैपाक करता काय?" जिथं कमी पडली तिथं त्यानं नदीच्या वरच्या अंगाला तशीच माती शोधली. कशी शोधली विचारू नका. चाखून.

त्या उन्हाळ्यात सोमवारी पुन्हा माणसं दिसली. थोडी होती. डोहाच्या तळाला फोडलेल्या जागी माती पसरायची, गावच्या हौदातलं पाणी आणून शिंपडायचं आणि म्हशी सोडायच्या. माझ्या चार आणि गवळ्याच्या वाड्यातल्या दहाबारा. म्हशींना गोल फिरवायचं. बैल फिरतो, त्याला सवय असते. म्हशीला चिखल दिसला की ती बसते. सगळा वेळ हा त्यांच्या मागे, "उठ ना माय, उठ ना," असं विनवत असायचा. मी म्हटलं, "काठी मारा." तो म्हणाला, "कामावर आली हाय ती. मजुराले मारते काय कोनी?" चिखलात त्याचे पाय गुडघ्यापर्यंत जायचे. धाप लागायची. मी बस म्हटलं तरी बसायचा नाही, आणि म्हैस बसली की तिचा हेवा करत उभा राहायचा.

पुढचं सरळ सांगते. पाऊस आला, डोह भरला. दसऱ्याला पाणी होतं. दिवाळीला होतं. दिवाळीला तो माझ्या घरी आला, फराळाच्या आधी पाणी मागितलं, घोट तोंडात धरला आणि म्हणाला, "विहीर साफ करा वयनी, पाला सडून राह्यला आत."

फाल्गुनात तो गेला. छातीनंच गेला. डोहात तेव्हा माझ्या म्हशींच्या पोटाला लागेल एवढं पाणी होतं. पाडवा झाला तरी होतं. त्यानंतर आठवडाभरानं आटलं. आखाजीपर्यंत टिकलं नाही. गावात आता कोणी भाषण करतं तेव्हा त्यानं नदी जिवंत केली असं म्हणतं. नदी तशीच आहे, बाटल्या पुन्हा दिसतात, कमी दिसतात. एक डोह त्यानं बिघडवला आणि बराचसा दुरुस्त केला. खोटं कशाला सांगू? त्याच्या धंद्यात खोटं चालत नव्हतं, पाणी लागायचं किंवा लागायचं नाही.

तो का करायचा, हे मला अजून कळलेलं नाही. त्याच्या बायकोलाही विचारून पाहिलं. ती म्हणाली, मी तर समजत होते तुम्हाला ठाऊक असेल.

मला तो दिसतो तो जायच्या आधीच्या मार्गशीर्षातल्या एका सकाळचा. ऊन वर आलं होतं, पण वारा गार होता. म्हशी डोहात सोडून मी काठावर बसले होते. पाण्यावर चार डोकी दिसत होती. मग पाचवं दिसलं. त्यावर पांढरी टोपी होती.

"भाऊ, मराचं हाय काय थंडीत? निघा भाईर."

"थांबा जरा. पायानं पाहून राह्यलो. जिथं गळते ना, तिथं तळाले पान्याची वढ लागते."

तो मान तेवढी वर ठेवून सरकत होता, इंच इंच. एका जागी थांबला. डोळे मिटले. मग पुन्हा उघडले आणि इकडे तिकडे पाहायला लागला.

"लागली का जागा?" मी विचारलं.

"लागली होती. एकच हाय. पन तुमची भुरी येऊन बसली तिच्यावर."

मी उठले, काठी घेतली. "थांबा, उठवते तिले."

"नोका! नोका वयनी!" त्यानं पाण्यातून हात वर केला. "ती बसली तवापासून वढ बंद झाली. बसू द्या तिले."

मी काठी खाली ठेवली. भुरी डोळे मिटून रवंथ करत होती, आणि तो तिच्या शेजारी, हनुवटीपर्यंत पाण्यात, तिला धक्का लागू नये म्हणून अगदी न हलता उभा होता.